बंब पोचण्याआधी

नगर-मनमाड रस्त्यानं नगरकडून निघालं की राहुरी मागं पडते आणि थोड्या वेळानं प्रवरेचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे कोल्हार खुर्द, पलीकडे कोल्हार बुद्रुक आणि त्याला खेटून भगवतीपूर. नदीनं तालुकेही वाटून दिलेत. खुर्द राहुरीत, बुद्रुक राहात्यात. भगवतीमातेचं मंदिर, आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, शिर्डीला जाणाऱ्या भाविकांची अहोरात्र वर्दळ, आणि लोणी-संगमनेरवरून घोटीकडे जाणारा राज्यमार्ग. नवरात्रात इथली गर्दी पाहिली की हे खेडं आहे यावर विश्वास बसत नाही. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

आगीचा विचार करताना या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व येतं. १९९२ साली संसदेनं ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती केली आणि राज्यघटनेला दोन नव्या याद्या जोडल्या गेल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८. अग्निशमन सेवा हा विषय बाराव्या अनुसूचीत आहे. अकराव्या अनुसूचीत तो नाही. अकराव्या अनुसूचीत शाळा आहेत, दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, वाचनालयं आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. म्हणजे माणसं जिथं जमतात त्या जागा पंचायतीच्या यादीत, आणि तिथं आग लागली तर धावून येणारं दल शेजारच्या शहराच्या यादीत. १९९२ सालच्या खेड्याकडे पाहून ही वाटणी कुणाला खटकली नसेल. त्यानंतर गावात तीनमजली इमारती आल्या, वातानुकूलित हॉल आले, ऑक्सिजनच्या खाटा आल्या. यादी तीच राहिली.

बंबानं किती वेळात पोचावं याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेनं सुचवून ठेवले आहेत: शहरी भागात पाच ते सात मिनिटं, ग्रामीण भागात वीस. राहाता, शिर्डी, देवळाली प्रवरा, श्रीरामपूर अशी नगरपालिकांची गावं कोल्हारच्या चहूबाजूंना आहेत, पण एकही अगदी वेशीवर नाही. त्यातून नगर-मनमाड रस्त्याची अवस्था आणि त्यावरची अवजड वाहनांची रांग ज्यानं अनुभवली आहे, त्याला वीस मिनिटांचा निकष पाळणं किती कठीण आहे हे सांगावं लागत नाही.

आगीचं वेळापत्रक वेगळंच असतं. फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कृत्रिम धाग्याचे पडदे असलेल्या खोलीत एक कोपरा पेटला की तापलेला धूर छताखाली साठू लागतो. त्या थराचं तापमान ५००-६०० अंश सेल्सियसच्या घरात गेलं की खालच्या सगळ्या वस्तू जवळपास एकाच वेळी पेट घेतात. आजच्या सामानानं भरलेल्या खोलीत ही अवस्था तीन ते पाच मिनिटांत येऊ शकते. त्याच्याही आधी धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाची शुद्ध घालवतो. आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाळा शिवलेलीही नसते.

वीस मिनिटं आणि पाच मिनिटं या दोन आकड्यांमधल्या वेळात जे काही व्हायचं ते इमारतीत आधीपासून हजर असलेल्या माणसांच्या हातून होतं. म्हणून कोल्हारसारख्या गावात तपासणी आणि शिक्षण हेच खरं अग्निशमन दल आहे, असं मी मानतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. तो सगळ्या राज्याला लागू आहे. कोणत्या इमारतीत कोणती सोय हवी, याचा तपशील तो राष्ट्रीय इमारत संहितेवर सोपवतो. या संहितेचा चौथा भाग आग आणि जीवसुरक्षा यांनाच वाहिलेला आहे. जबाबदारी कुणाची, हे मात्र अधिनियम स्वतः सांगतो: मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. शाळेत ती संस्थाचालकांवर येते, देवळात विश्वस्त मंडळावर, मंगल कार्यालयात मालकावर आणि सरकारी दवाखान्यात सरकारवरच. यंत्रणा बसवायची ती परवानाधारक संस्थेकडून, आणि ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. या कागदाला 'नमुना ब' म्हणतात. जिथं स्थानिक दल नाही तिथं ही बाजू महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे जाते. त्याचं मुख्यालय मुंबईत, कालिन्याला.

तपासणीचा अधिकारही या कायद्यात नीट बांधलेला आहे. अधिकाऱ्यानं तीन तासांची सूचना द्यायची आणि सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात इमारत पाहायची. कारखाना चालू असेल किंवा करमणुकीचा कार्यक्रम सुरू असेल तर मात्र त्याला कधीही आत जाता येतं. ही सवलत फार शहाणपणाची आहे. रिकाम्या सभागृहात बाहेर पडायचे दरवाजे मोकळेच दिसतात. जेवणावळीच्या दिवशी त्याच दरवाजांशी खुर्च्यांच्या चळती आणि आचाऱ्याची पातेली येऊन बसतात. त्रुटी आढळली तर अधिकारी नोटीस देतो, धोका तातडीचा असेल तर इमारत रिकामी करवून सीलही लावू शकतो.

शिवाय इतर खाती आहेत. वीजजोडणी विद्युत निरीक्षकाकडे, पेट्रोल पंप, गॅसची गोदामं आणि फटाके ही बाजू नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेकडे, कारखाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. प्रत्येक जण आपापला भाग पाहतो. सगळे भाग एकत्र पाहणारा माणूस फक्त एकच असतो, आणि तो म्हणजे ज्याच्याकडे इमारतीच्या किल्ल्या आहेत तो.

तपासणी होऊनही काय होऊ शकतं, हे याच नगर जिल्ह्यानं पाहिलं आहे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळं होती, त्यातली दहा गेली. राज्यभर हळहळ झाली आणि सगळ्या रुग्णालयांचं अग्निपरीक्षण करण्याचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि डझनाहून जास्त रुग्ण दगावले. मग ६ नोव्हेंबर उजाडला. शनिवार, भाऊबीज. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात कोविडसाठी नव्यानं उभारलेल्या अतिदक्षता विभागात सकाळी अकराच्या सुमारास आग लागली. आत सतरा रुग्ण होते. त्या दिवशी अकरा जणांचा मृत्यू झाला. कोविड ओसरत चाललेला होता. घरी जायची वाट पाहणारी माणसं होती ती.

अशा कक्षात आग इतकी जलद का पसरते, हे प्रत्येक डॉक्टर-परिचारिकेला ठाऊक हवं. आपल्या भोवतालच्या हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. बंद खोलीत हे प्रमाण २३-२४ टक्क्यांच्या वर गेलं तरी कापड, केस, प्लॅस्टिक सहज पेट घेऊ लागतं आणि फार वेगानं जळतं. कोविडच्या काळात नाकावाटे ऑक्सिजन देणारी काही यंत्रं एकेका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन सोडत. रुग्णाच्या श्वासात जातो त्याहून बराच खोलीत सांडतो. खिडक्या वातानुकूलनासाठी बंद. व्हेंटिलेटर, मॉनिटर, पंप, एसी, सगळं दिवसरात्र चालू, महिनोन्महिने. एखाद्या सैल प्लगमध्ये ठिणगी पडायला यापेक्षा अनुकूल जागा शोधून सापडायची नाही. नगरच्या आगीतही पहिला संशय शॉर्टसर्किटचाच होता.

चौकशीसाठी नाशिकचे तत्कालीन विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांचं निलंबन झालं, एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना अटकही झाली. रुग्णालयाचं अग्निपरीक्षण आगीआधी झालेलं होतं, परंतु त्यात सुचवलेली यंत्रणा पूर्णपणे बसलेली नव्हती, ही गोष्ट आगीनंतर बातम्यांमधून पुढं आली. परिचारिकांच्या अटकेला त्यांच्या संघटनांनी विरोध केला, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कक्षात उशिरा पोचणं हा दोष असेल तर तो तपासावा. पण छताला पाण्याचे फवारे लावणं, धूर ओळखणारे सेन्सर बसवणं, दुसरा दरवाजा काढणं ही कामं परिचारिकेच्या हातची नसतात. ती अंदाजपत्रकातली कामं असतात. अंदाजपत्रक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं आणि मध्ये महिने सरतात. परीक्षणाचा अहवाल आणि कामाची निविदा यांच्यात जो काळ जातो, त्या काळात इमारत बंद ठेवायची की चालू, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते सरकारी अग्नितपासणीतला सगळ्यात कच्चा दुवा इथं आहे. अहवालात त्रुटी लिहिली गेली की तपासणी संपली असं धरलं जातं. ती त्रुटी दूर झाल्याची नोंद होईपर्यंत तपासणी संपलेली नसते.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असंही नाही. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या शाळेत तळघरातल्या जिन्यापाशी आग लागली. ९२ मुलं आणि तीन शिक्षिका जोगिणी मृत्युमुखी पडल्या. काही आठवड्यांपूर्वीच ही शाळा अग्नितपासणीत उत्तीर्ण झाली होती. नवे नियम जुन्या इमारतींना लागू नव्हते, आणि जुन्या नियमांत ती बसत होती. जिने लाकडी आणि उघडे, धोक्याची घंटा अग्निशमन दलाला जोडलेली नाही, आगविझवणी नळकांडी भिंतीवर सात फूट उंच टांगलेली. मुलांचा हात तिथं पोचणं शक्य नव्हतं, आणि कित्येक मोठ्यांचाही नाही. या आगीनंतर अमेरिकेतल्या शाळांचे नियम बदलले आणि जुन्या इमारतींनाही ते लावले गेले.

आपल्याकडे शाळांच्या बाबतीत असा टप्पा कुंभकोणमनं आणला. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या त्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरातून आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी न्यायालयानं सांगितलं की सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. प्रत्येक शाळेत आगविझवणी साधनं हवीत, ती शिक्षकांना वापरता यायला हवीत, इमारत संहितेप्रमाणे हवी. हा निकाल मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली असावा असं मला फार वाटतं.

अधिकारी येवो न येवो, एखाद्या गावच्या शाळेतून, दवाखान्यातून, मंगल कार्यालयातून जाणत्या नजरेनं फिरलं तर काय काय दिसायला हवं?

पहिल्यांदा दरवाजे. गर्दीच्या जागेचा दरवाजा बाहेर उघडणारा हवा. आत उघडणाऱ्या दरवाजाशी घाबरलेली माणसं येऊन दाटली की तो उघडण्यापुरतीही जागा उरत नाही. सभागृहाला एकमेकांपासून दूर असे किमान दोन मार्ग हवेत, कारण एकाच बाजूचे दोन दरवाजे एकाच धुरात सापडतात. जिन्याची रुंदी संहितेनं ठरवून दिली आहे: शाळेला दीड मीटर, दवाखान्याला आणि सभागृहाला दोन मीटर. जिना बांधताना ही रुंदी बहुधा मिळते; ती जाते नंतरच्या वापरात. जिन्याखाली जुनी बाकं, रद्दी, निवडणुकीच्या पेट्या, रंगाचे डबे. वरच्या मजल्याच्या गच्चीला कुलूप, खालच्या बाजूच्या दरवाजाला चोरीच्या भीतीनं साखळी. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कृत्रिम कापडाचा मांडव पेटला तेव्हा बाहेर पडायला वाट अपुरी होती आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात मुलंच जास्त. चोरीची भीती खरी असते, पण तिच्यावर उपाय आहेत. आतून नुसतं ढकललं की उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा आडवा दांडा असलेला दरवाजा बाजारात मिळतो.

मग वीज. मीटरच्या पेटीपाशी गेलं की अर्ध्या इमारतीचं भविष्य कळतं. पेटीला झाकण आहे का, तिच्यावर कोळ्यांची जाळी आणि कागद साठलेत का, फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली आहे का. फ्यूज हा मुद्दाम अशक्त ठेवलेला दुवा असतो. भार वाढला की त्यानं वितळायचं आणि बाकीची वायर वाचवायची. तिथं जाड तार बांधली की वितळण्याची पाळी भिंतीतल्या वायरवर येते. वीस वर्षांपूर्वी दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी केलेल्या वायरिंगवर आज संगणककक्ष, एसी, पाणी थंड करणारं यंत्र आणि सभागृहाचे ध्वनिक्षेपक चालतात. वीजभार वाढवून घेतला असेल तर वायरिंगही बदललं का, हे विचारणारं कुणी हवं. गळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवलेला असेल तर शॉकचा आणि आगीचा असे दोन्ही धोके कमी होतात. त्यावरचं परीक्षणाचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं असतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

स्वयंपाकघर ही शाळेतली आणि कार्यालयातली सगळ्यात जागती जागा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खळग्यात साठून राहतो. म्हणून टाकी उभी ठेवायची, तळघरात किंवा खड्ड्यात ठेवायची नाही आणि खोलीच्या तळाशी हवा जायला झडप ठेवायची. रबरी नळीवरची मुदत पाहायची. शालेय पोषण आहाराच्या खोलीत शेगडी आणि टाकी यांच्यात पुरेसं अंतर असतं का, आणि शिजवणाऱ्या ताईंना रेग्युलेटर बंद करायचा सराव आहे का, हे कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं आहे. लग्नाच्या आचाऱ्यांना एक गोष्ट वारंवार सांगायला हवी: कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे सतराशे पट असतं, आणि ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. झाकण ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. इतकं पुरतं.

आता ती लाल नळकांडी. बहुतेक सरकारी कार्यालयांत ती दिसतात आणि तपासणीच्या वेळी त्यांच्याचकडे पाहिलं जातं. कोरड्या पावडरच्या नळकांड्यावर दाबाचा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात हवा. पण काटा बरोबर असूनही आतली पावडर ओल धरून घट्ट बसलेली असू शकते, म्हणून ती मधूनमधून उलटी करून हलवायची असते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटाच नसतो. ते भरलेलं आहे की रिकामं, हे वजन करूनच कळतं. ते विजेच्या उपकरणांसाठी, संगणकांसाठी उत्तम. लाकूड-कापडाची धुमसती आग मात्र त्यानं विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा पेटते. कुठल्याही जागेपासून नळकांडं १५ मीटरच्या आत मिळायला हवं. आणि ते वापरायचं असं: पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळेच्या मुळाशी धरायचं, दांडी दाबायची आणि डावीकडून उजवीकडे फिरवत जायचं. पावडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद पुरते. पाठ नेहमी दरवाजाकडे ठेवायची, म्हणजे आग आटोक्यात आली नाही तर मागं सरता येतं. हे वाचून येत नाही. मोकळ्या मैदानात पत्र्याच्या तबकात डिझेल पेटवून एकदा तरी प्रत्येकाच्या हातात नळकांडं द्यावं लागतं. मुदत संपत आलेल्या नळकांड्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

शिक्षणाचं आपलं वेळापत्रकही थोडं चुकलेलं आहे. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापसानं भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं, आग विझवायला गेलेले मुंबई दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ. ही तारीख बदलायचं कारण नाही. पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुटी असते आणि पुढचे दिवस शाळेत वार्षिक परीक्षांचे. मुलांपर्यंत सप्ताह पोचतो तो फलकावरच्या एका चित्रापुरता. शाळा उघडते जूनच्या मध्याला, आणि 'नमुना ब' द्यायचा असतो जुलैत. नव्या वर्गात बसलेल्या मुलांना वाट दाखवायला जुलै हाच महिना योग्य आहे, आणि यंत्रणा तपासायला आलेली संस्था तेव्हा दारातच असते. तिच्याकडून तासभर प्रात्यक्षिक करून घेणं ही फार मोठी मागणी नव्हे.

रंगीत तालीम कशी करायची, हेही सांगतो. घंटा ठरावीक वेगळी हवी. रोजची तासाची घंटा नको. वर्ग एका रांगेत, ठरलेल्या जिन्यानं, दप्तरं जागच्या जागी सोडून मैदानात. शिक्षकाच्या हातात हजेरीपट, आणि मैदानात पुन्हा हजेरी, कारण आत कोण राहिलं हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. धूर असेल तर वाकून, शक्य तेवढं जमिनीजवळून जायचं. श्वास घेण्याजोगी हवा शेवटपर्यंत खालीच असते. दुसऱ्या तालमीत मुद्दाम एक जिना बंद ठेवावा आणि मुलं काय करतात ते पाहावं. खरं शिकणं तिथं सुरू होतं. दवाखान्याची तालीम वेगळी असते. पडून असलेल्या रुग्णाला जिन्यावरून उतरवण्याआधी त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या, मधला दरवाजा बंद होऊ शकेल अशा भागात न्यायचं असतं. खाट ढकलता आली तर खाटेसकट, नाही तर चादरीवर घेऊन ओढत. ऑक्सिजनची झडप कुठं आहे आणि ती कुणी, कुणाला विचारून बंद करायची, हे प्रत्येक पाळीतल्या एका तरी व्यक्तीला ठाऊक हवं.

दिवाळीच्या फटाक्यांच्या दुकानांबाबत नियम इतके तपशीलवार आहेत की गावात ते माहीत नसणं वाईट आहे. २००८ च्या स्फोटक नियमांप्रमाणे तात्पुरती दुकानं न जळणाऱ्या साहित्याची हवीत, दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर हवं, समोरासमोर तोंड नको, संरक्षित जागांपासून पन्नास मीटर दूर, आणि एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त दुकानं नकोत. आत तेलाचे किंवा गॅसचे दिवे चालत नाहीत, लोंबत्या वायरीवरचे दिवेही नाहीत. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर वसुबारसेच्या आधी लागली तर दुकानदार आपणहून ती पाळतात; दंडाची वेळ क्वचितच येते.

शेवटी जत्रा आणि उत्सव. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. वाईजवळच्या मांढरदेवीला नारळाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, पाठोपाठ दुकानं पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या, आणि जवळजवळ तीनशे माणसं गेली. न्यायमूर्ती राजन कोचर आयोगानं त्याची चौकशी केली. त्या डोंगरावर चिंचोळ्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी दुकानं होती आणि त्यांच्यात टाक्या होत्या. असं दृश्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही देवीच्या वाटेवर उत्सवात दिसू शकतं.

कोल्हारच्या भगवतीमातेच्या नवरात्राच्या तयारीला आधी आठ-दहा दिवस मिळतात. मांडव विजेच्या तारांखाली येणार नाही, छत तीन मीटरच्या खाली नाही, कापड कृत्रिम धाग्याचं नाही, हे मंडपवाल्याशी ठरवताना लिहून घेता येतं. कापूर आणि तेलवातीची जागा मांडवाच्या कापडापासून दूर, पत्र्याच्या तबकावर. खाद्यपदार्थांच्या गाड्या एका बाजूला, वाटेच्या दोन्ही बाजूंना नाहीत, प्रत्येकापाशी एकच टाकी आणि वाळूची बादली. रात्रीच्या माळांचा भार महावितरणच्या वायरमननं पाहिलेला. स्वयंसेवकांपैकी चौघे नळकांडं चालवता येणारे. आणि एक वाट पूर्ण मोकळी, मोटारसायकलींनाही बंद, जिच्यातून बंब वळू शकेल.

त्या नऊ दिवसांसाठी बंब गावातच उभा ठेवता येतो. शेजारच्या नगरपालिकेला देवस्थानानं किंवा ग्रामपंचायतीनं वेळेत पत्र द्यावं लागतं, ठरलेलं शुल्क भरावं लागतं. पत्रात तारखा असाव्यात, गर्दीच्या तासांची वेळ असावी, बंब उभा करायची जागा आणि पाणी भरायची टाकी किंवा विहीर असावी, आणि रात्री दोन वाजता फोन उचलेल अशा माणसाचा नंबर असावा.